प्लॅन २०० चा, मिळतात ९४: घरचं नेट कुठे अडतं ते शोधण्याची पद्धत

जवळपास दोन महिने माझ्या लॅपटॉपवर एकच आकडा येत होता. प्लॅन २०० एमबीपीएसचा, आणि स्पीड टेस्ट लावली की काटा ९४ वर जाऊन थांबायचा. सकाळी ९४, रात्री ९४, रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना ९४. तीनदा तक्रार केली, राउटर दोनदा रीसेट केला, मोठा प्लॅन घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. मग एके दिवशी राउटरची केबल उपसून खिडकीपाशी उजेडात धरली. केबलच्या टोकाला जो पारदर्शक प्लग असतो, त्यातून आठ रंगीत तारा दिसतात. सात तारा पिवळ्या दातांपर्यंत पोचल्या होत्या. आठवी, तपकिरी, थोडी आधीच तुटून मागे राहिली होती. केबल बदलली आणि पुढच्याच टेस्टला १९१ आले.

तेव्हापासून एक सवय लागली. नेट किती संथ आहे यापेक्षा कसं संथ आहे ते आधी बघायचं. आकडा नेहमी एकाच जागी अडत असेल तर दोष बहुधा तारेत किंवा यंत्रात असतो. रोज रात्री पडत असेल तर वाटेवर गर्दी आहे. खोली बदलली की बदलत असेल तर वायफाय. आणि आकडा उत्तम येऊनही कॉल अडकत असेल तर भानगड वेगाची नाहीच, रांगेची आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या या चार तऱ्हा एकमेकींपासून वेगळ्या काढण्यासाठी आहेत. त्या पुऱ्या होईपर्यंत नवा राउटर, रिपीटर, मोठा प्लॅन, काहीही घेऊ नका.

आधी हिशेब जुळवून घ्या

कित्येकदा तक्रार इथेच मिटते. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि डाउनलोडची खिडकी तो मेगाबाइटमध्ये दाखवते. ८ बिट मिळून १ बाइट होतो, म्हणजे २०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबी वेगाने उतरेल. प्रत्यक्षात २३ च्या आसपास, कारण डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि इतर नोंदी असतात आणि त्यांचीही जागा लागते. डाउनलोडला २३ दिसत असेल तर तुमची लाइन ठणठणीत आहे.

प्लॅनचा कागदही एकदा नीट वाचा. वेगाच्या आकड्यापुढे ‘पर्यंत’ हा शब्द आहे का, ठरावीक डेटा वापरल्यावर वेग उतरवतात का, आणि अपलोडचा वेग वेगळा लिहिलाय का. महिनाअखेरीलाच नेट रेंगाळत असेल तर मधला मुद्दा सगळ्यात आधी तपासा.

पायरी १: वायफाय बाजूला ठेवा, केबलने मोजा

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिनोन्‌महिने अंधारात चाचपडतात. घरातल्या वायफायचा त्रास आणि बाहेरच्या लाइनचा त्रास फोनच्या पडद्यावर अगदी सारखे दिसतात. दोन्ही वेगळे करायला एक केबल पुरते.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा. केबल थेट राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात घाला, मध्ये स्विच किंवा भिंतीतला पॉइंट नको. लॅपटॉप चार्जिंगला लावा, कारण बॅटरीवर काही यंत्रं हात आखडता घेतात. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. त्यात प्रत्येक पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्याच गावच्या सर्व्हरवरून फिरवून आणलं जातं. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही दहा मिनिटांपुरते वायफायवरून काढून टाका. मग टेस्ट तीनदा लावा आणि मधला आकडा वहीत लिहा. हेच सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री ९ च्या सुमाराला एकदा, असं तीन दिवस. तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग (म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर परत यायला लागलेला वेळ). नऊ ओळी झाल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं.

लॅपटॉपला केबलचं भोक नसेल तर यूएसबी अ‍ॅडॉप्टर चालतो, पण तो गिगाबिटचा हवा आणि यूएसबी ३ च्या पोर्टात लावायला हवा. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे, हाती त्याहून बरंच कमी येतं. तेवढीही सोय नसेल तर फोन राउटरपासून एक-दोन मीटरवर धरून ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर मोजा. केबलइतकं खात्रीचं नाही, तरी आतल्या खोलीतल्या आकड्यापेक्षा कितीतरी बरं.

वेगवेगळ्या टेस्ट वेगवेगळे आकडे देतात, त्याने गोंधळू नका. ऊकलाची स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून लाइन पुरती भरते, त्यामुळे तिचा आकडा सहसा चढा येतो. २०१६ मध्ये आलेली फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून डेटा खेचते. एम-लॅबची एनडीटी टेस्ट एकाच जोडणीवर मोजते आणि बऱ्याचदा कमी दाखवते. तिघीही खोटं बोलत नाहीत, तिघी वेगवेगळा प्रश्न विचारतात. तुलना करायची तर तीन दिवस एकच टेस्ट वापरा.

पायरी २: वहीतले आकडे वाचा

केबलवर प्लॅनच्या ९० टक्क्यांच्या वर आकडा आला आणि तिन्ही वेळा टिकला, तर बाहेरची लाइन निर्दोष आहे. सरळ पायरी ३ कडे जा.

आकडा ९४-९५ वर खिळलेला असेल तर माझीच गोष्ट तुमच्याकडे घडते आहे. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली तरी दोन्ही टोकांची यंत्रं सहसा गुपचूप १०० वर उतरतात, आणि पाकिटांवरच्या नोंदींची जागा वजा जाता हातात ९४ पडतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, कुठलीही सूचना येत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १००/१०० दिसलं तर केबल बदला. नव्या केबलच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असावं. तरीही १०० च दिसलं तर राउटरचं दुसरं भोक वापरून बघा. काही स्वस्त राउटरांना गिगाबिट पोर्टच नसतात, आणि अशा राउटरवर २०० चा प्लॅन घेणं म्हणजे निम्मे पैसे पाण्यात. फायबरचं डबडं आणि राउटर वेगवेगळे असतील तर त्या दोघांमधली आखूड केबल विसरू नका. माझ्या घरी तुटली होती ती हीच, अर्ध्या मीटरची.

सकाळी १८०, दुपारी १७५ आणि रात्री ६०, असं असेल तर घरात शोधून उपयोग नाही. लाइन शेवटी सामाईक असते. फायबरच्या जीपीओएन पद्धतीत एका धाग्यावरून एकूण २.४८८ जीबीपीएस उतरतात आणि ते सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकदमच पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस सुद्धा येणार नाहीत. असं सहसा होत नाही, कारण सगळे एकाच क्षणी डाउनलोड करत नाहीत, आणि याच भरवशावर प्लॅन विकले जातात. रात्री सगळी घरं व्हिडिओ लावून बसली की तो भरवसा ताणला जातो. पुढे कंपनीची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणीही तेव्हाच भरते. इथे तुमच्या हातात एकच हत्यार आहे: केबलवर घेतलेल्या तीन रात्रींच्या नोंदी.

तिसरा प्रकार, दिवसरात्र कमी आणि वरखाली होणारा आकडा. फायबर असेल तर प्रकाशाची पातळी बघा. राउटरच्या किंवा ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या डबड्याच्या, सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’ दिसते. ती म्हणजे घरापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात. उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असेल तर चालतं, पण उणे २६-२७ म्हणजे अगदी काठावर. ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की या आकड्यांचा अर्थ लागतो. कपाटामागे काटकोनात दाबलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली फायबर बघा. काच वाकली की प्रकाश बाहेर सांडतो. वळण सैल, निदान चहाच्या बशीएवढं ठेवा. आणि फायबरचं उघडं टोक डोळ्यासमोर कधीही धरू नका. त्यातला डाउनलोडचा लेझर १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला तो दिसतही नाही. तांब्याच्या फोनलाइनवरचं डीएसएल असेल तर अंतर हाच मुख्य शत्रू: एक्सचेंज किंवा रस्त्यावरच्या पेटीपासून घर जितकं लांब तितका वेग कमी. त्यावर घरात बसून उपाय नाही, फक्त जुनाट जोड आणि एक्स्टेंशनच्या वायरी काढून टाकता येतात.

पायरी ३: वायफाय

बहुतेक घरांत चोर इथेच सापडतो.

एक गैरसमज आधी काढून टाकू. फोनवर दिसणारा वायफायचा ‘लिंक स्पीड’ म्हणजे तुमचा नेटचा वेग नव्हे. वायफायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीचे थांबून ऐकतात. बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते तपासायचं, बोलून झाल्यावर पोच घ्यायची, यातच बराच वेळ जातो. म्हणून लिंकवर जे दिसतं त्याच्या साधारण अर्धं ते दोन तृतीयांश हाती लागतं. २.४ गिगाहर्ट्‌झवर दोन अँटेनांचा साधा फोन १४४ ची लिंक दाखवतो, पण टेस्टला ७०-८० च्या पुढे क्वचितच जातो. प्लॅन २०० चा असो की १००० चा, त्या लिंकवर त्याच्या पलीकडे काही मिळणार नाही. शिवाय ही वेळ सगळ्या यंत्रांत वाटली जाते. कोपऱ्यातलं जुनं, कमी रेंजचं यंत्र तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरतं, आणि राउटरशेजारच्या नव्या फोनचाही वेग खाली ओढतं.

आता प्रयोग. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झला दोन वेगळी नावं द्या, निदान दोन दिवसांसाठी. एकच नाव असलं की फोन कुठे चिकटलाय ते कळत नाही, आणि फोन बऱ्याचदा लांब पोचणाऱ्या पण संथ २.४ ला धरून बसतात. मग फोन घेऊन घरात फिरा: राउटरपाशी, शेजारच्या खोलीत, एका भिंतीपलीकडे, दोन भिंतींपलीकडे. प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावांवर मोजा. माझ्याकडे राउटरपाशी ५ वर १८५ आणि २.४ वर ६० होते. दोन भिंतींपलीकडे ५ वर २२ उरले आणि २.४ वर ३८. त्यावरून कुठल्या खोलीत काय वापरायचं ते ठरलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे राउटर चुकीच्या जागी आहे हे कळलं.

राउटर कुठे असतो? जिथून वायर आत आली तिथे, दाराशी, बुटांच्या कपाटावर नाहीतर टीव्हीच्या मागे. त्याच्या लहरी निम्म्या घराबाहेर जातात. तो घराच्या मध्याकडे आणा, छातीच्या उंचीवर, उघड्यावर. सळईच्या काँक्रीटची भिंत लहरी खाते. आरशामागे धातूचा मुलामा असतो, तो त्या परतवतो. फ्रिज आणि लोखंडी कपाटही तेच करतात. माशांची टाकी म्हणजे पाण्याची भिंत. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, म्हणून तो सुरू असताना २.४ चं वायफाय अडखळतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला खेटून ठेवली असेल तर ती दूर करा, तिचाही २.४ वर गोंगाट होतो. मी राउटर टीव्हीमागून काढून दीड मीटरवरच्या फळीवर ठेवला, तेवढ्यावर आतल्या खोलीतले २२ चे ७० झाले. लागली ती एक लांब केबल आणि दोन खिळे.

जागा बदलल्यावर मग चॅनेल, म्हणजे राउटर हवेतल्या कुठल्या पट्टीवर बोलतो ते. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वायफाय तपासणाऱ्या एखाद्या अ‍ॅपवर शेजाऱ्यांचे राउटर कुठे आहेत ते बघून या तिघांतला सगळ्यात रिकामा घ्या. ३ किंवा ८ घेतला तर दोन्हीकडचा गोंगाट ऐकावा लागतो. रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. दाटीवाटीच्या इमारतीत ४० ने फायदा होण्याऐवजी नुकसानच होतं. ५ वर जागा ऐसपैस आहे, तिथे ८० चालते. सुरक्षेत ‘टीकेआयपी’ निवडलेलं असेल तर लगेच डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करा. टीकेआयपीवर जोडलेलं यंत्र ५४ एमबीपीएसच्या जुन्या मर्यादेत अडकून पडतं.

एवढं करूनही एखादी खोली कोरडी राहिली तर उत्तम उपाय म्हणजे तिथपर्यंत केबल नेऊन टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरचं नेट वायफायने पसरवणारं डबडं, बसवणं. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग सुमारे निम्मा होतो. तो घ्यायचाच असेल तर जिथे रेंज संपते तिथे लावू नका. तिथे त्यालाच काही ऐकू येत नसतं. राउटर आणि त्या खोलीच्या मध्ये, जिथे अजून चांगला वेग मिळतो, तिथे लावा. मेश संच (एकत्र काम करणारी दोन-तीन वायफायची डबडी) घेतला तरी त्याची डबडी शक्य तिथे केबलने जोडा.

पायरी ४: वेग भरपूर, तरीही अडकतं

याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि रोजचा मनस्ताप मात्र यानेच होतो. टेस्टला १९० येतात, आणि तरी व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो.

माझ्याकडे हे रात्री साडेनऊच्या सुमाराला व्हायचं. कारण सापडायला वेळ लागला. आई फोन चार्जिंगला लावायची, चार्जिंग सुरू झालं की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढायला लागायचे. अपलोडचा नळ लहान, तो पूर्ण भरायचा, आणि राउटर जास्तीची पाकिटं टाकून देण्याऐवजी रांगेत साठवत बसायचा. माझ्या आवाजाचं इवलंसं पाकीट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहायचं. डाउनलोडलाही त्याचा फटका बसतो, कारण उतरलेल्या डेटाची पोच वर जावी लागते आणि तीही त्याच रांगेत अडकते.

तपासायला सोपं आहे. कमांडच्या खिडकीतून आधी राउटरला पिंग करा. केबलवर १ मिलिसेकंदाच्या आसपास, वायफायवर २ ते ५ यायला हवं. मग बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग लावून ठेवा. समजा १५ मिलिसेकंद येतात. ते चालू असताना एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि आकड्यांकडे बघत राहा. १५ चे २५-३० झाले तर ठीक. ३००-४०० झाले तर दोष सापडला. या फुगलेल्या रांगेला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमाराला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल ही पद्धत मांडली, ज्यात पाकीट रांगेत किती वेळ ताटकळलं ते मोजून राउटर रांग आवरतो.

राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक अशा नावाची रांग आवरायची सोय असेल तर ती चालू करा आणि मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के मर्यादा घाला, डाउनलोड आणि अपलोड दोन्हीला. थोडा वेग मुद्दाम सोडून द्यावा लागतो, पण त्यामुळे रांग तुमच्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागते आणि लहान पाकिटांना वाट मिळते. ही सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर ठेवा, आणि विंडोजचे अपडेट इतर संगणकांना पुरवायची सेटिंग बंद करा.

काही वेळा दोष तुमच्या घरापर्यंत येतच नाही

एकच साइट संथ आणि बाकी सगळं पळतंय, तर तो सर्व्हर तरी दमलाय किंवा लांब आहे. काचेच्या धाग्यात प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन परत यायला सरळ रेषेतही १०० मिलिसेकंद लागतात, आणि कुठलाही प्लॅन ते कमी करू शकत नाही. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलल्याने पान उघडायची सुरुवात थोडी चटकन होऊ शकते, डाउनलोडचा वेग वाढत नाही.

प्लॅन वाढवण्याआधी गरजही मोजा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोरकेसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. घरात तिघांनी एकदम फोरके लावलं तरी ४५ होतात. १०० च्या नीट लाइनवर हे आरामात बसतं. ते बसत नसेल, तर ५०० चा प्लॅन घेऊनही त्याच तुटक्या तारेतून आणि त्याच टीव्हीमागच्या राउटरमधून ते यायचं आहे.

पायरी ५: तक्रार

‘नेट स्लो आहे’ म्हटलं की पलीकडून राउटर बंद करून चालू करायला सांगतात. त्याऐवजी लिहा: ‘प्लॅन २०० एमबीपीएस. केबलने थेट राउटरला जोडून, वायफाय आणि व्हीपीएन बंद ठेवून मोजलं. लिंक स्पीड १००० दिसतो. सलग तीन दिवस सकाळी १८० च्या वर, रात्री ९ ला ७० च्या खाली. आरएक्स पॉवर उणे २२. नोंदी सोबत जोडल्या आहेत.’ इतकं वाचल्यावर केबल, वायफाय आणि प्रकाशाची पातळी हे तीन ठरलेले प्रश्न उरत नाहीत, आणि तक्रार सहसा वरच्या माणसाकडे जाते. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत त्याच पानावर लिहा. तंत्रज्ञ घरी आला तर त्याला निघायच्या आधी तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्या केबलने, तुमच्यासमोर मोजायला सांगा. दुपारी येऊन फोनवर चांगला आकडा दाखवून तो जायला निघाला, तर त्याला रात्रीच्या ओळी दाखवा आणि तक्रार उघडीच ठेवायला सांगा.